धानोऱ्याची खेप

भुजंगच्या होडीचं इंजिन माझ्यामुळे दम टाकतं, हे टाकळी गावानं एकमतानं ठरवलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. एरवी या गावाचं कशावरही एकमत होत नाही. मारुतीच्या पाराला फरशी पांढरी बसवायची की लाल, यावर दोन सरपंच येऊन गेले आणि पार अजून मातीचाच आहे. पण कडूबाई होडीत चढली की इंजिनाचा जीव जातो, हे मात्र म्हातारेकोतारे, पोरंसोरं सगळे एका सुरात बोलायला लागले.

मी कडूबाई. माझ्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आजीनं माझं नाव कडू ठेवलं. यमानं तोंडात घातलं तरी थुंकून द्यावं, हा हिशोब. त्यानं थुंकलं असावं, कारण पन्नाशी ओलांडून मी ठणठणीत आहे. अंगानं भरलेली आहे, तेही नाकारत नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं आमचे मालक चंद्रभान म्हणतात, पण मी शेतात गेल्यावर.

येलदरी धरणाचं पाणी आमच्या गावाच्या तीन अंगांनी पसरलेलं आहे. समोरच्या काठावर सावळी. इथून हाक मारली तर तिथली कुत्री भुंकतात. धानोरा मात्र लांब. पाण्यानं जायचं तर दोन वळणं घेऊन वरच्या अंगाला जावं लागतं, चांगली तासाभराची वाट. सडकेनं जायचं तर जिंतूरला जाऊन एसटी बदला, आणि ती एसटी धानोऱ्यात पोचते दिवस मावळताना. माझी लेक रोहिणी धानोऱ्यात दिलेली, म्हणून मला भुजंगची होडी लागते. आणि भुजंगला मी लागते. धानोऱ्याची खेप भरायची तर गावातून माणसं गोळा करावी लागतात, आणि ते काम माझं. तुझी बहीण तिथं आहे ना, तुला तिथल्या वैद्याची पुडी आणायचीय ना, चल, असं करत मी चार-सहा जणं काठावर आणून उभी करायची. माझ्याशिवाय धानोऱ्याची खेप कधी झालीच नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. गावानं ठेवली नाही.

भुजंग माणूस वाईट नाही. होडी लोखंडी पत्र्याची, त्यानं स्वतः उभं राहून बनवून घेतली, आणि तिच्यात बसवलं ते मळ्यातल्या विहिरीवरचं डिझेल इंजिन. विजेची मोटार आल्यापासून ते गोठ्यात कडब्याखाली झोपलं होतं. त्याच्या डोक्यावर डिझेलची टाकी, टाकीला आट्यांचं झाकण. सुकाणू धरायला भुजंगचा चुलतभाऊ योगीराज. योगीराजला पोहता येत नाही, इंजिनातलं कळत नाही, पण शकुन-अपशकुनात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मांजर आडवं गेलं म्हणून त्यानं एकदा भर पाण्यातून होडी परत फिरवली होती. पाण्यात मांजर कुठून आलं ते त्यालाच माहीत.

दसऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, विळे, शिलाई मशीन, मोटारसायकल, जे जे पोटाला देतं त्या सगळ्याची पूजा होते. भुजंगनं इंजिन धुऊन काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. योगीराजनं तेलात शेंदूर कालवला आणि टाकीच्या झाकणाला बोटभर जाड थापला. झाकणालाच का, तर ते सगळ्यात उंच, म्हणजे इंजिनाचं डोकं, आणि देवाला शेंदूर डोक्यापासून लावतात. मी स्वतः तिथं उभी होते. प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि घरी आले.

त्यानंतरच्या पहिल्याच धानोऱ्याच्या खेपेला इंजिनानं रंग दाखवला. रोहिणीला सातवा लागला होता, दुसरं बाळंतपण. तिच्या डोहाळजेवणाला आम्ही निघालो. काठ सोडताना इंजिन खणखणीत वाजत होतं. पहिलं वळण घेतलं, आणि आवाज खाली बसायला लागला. भुजंगनं वेगाचा दांडा पूर्ण ओढला, इंजिन काही वर चढेना. धूर नाही, खडखड नाही, नुसती ताकद गेलेली. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे ते बंदच पडलं. बराच वेळ आम्ही पाण्यावर तसेच बसून राहिलो. मग हॅण्डल मारलं तर चालू झालं, थोडं पळालं, आणि पुन्हा तेच रडगाणं. धानोऱ्यात पोचले तेव्हा पत्रावळी उचलून झाल्या होत्या. रोहिणीच्या सासूनं, सरजाबाईनं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"या इहीणबाई. ओटी भरून झाली. तुमी काय, उद्याच्या जेवणाला आलाव का?"

मी गिळलं. लेक दिलेल्या घरी गिळावंच लागतं, नाहीतर मी काही गिळणाऱ्यांतली नाही.

पुढचे दोन महिने इंजिनाचा इलाज चालला. आधी योगीराज म्हणाला, पंख्यात जाळं अडकलंय. भुजंगनं बुडी मारली आणि मूठभर शेवाळ वर आणलं. शेवाळ गेलं, रोग राहिला. मग फिल्टर बदललं. मग नट ढिला करून पाइपातली हवा काढली. मग डिझेलवर संशय आला, तेव्हा ते फडक्यातून गाळून घेतलं. दर वेळी सावळीची खेप करून बघायची, तर इंजिन वाघासारखं. सावळीला जाऊन येऊन भुजंग झाकण उघडायचा, तुराटीची काडी आत घालून डिझेल किती ते बघायचा आणि खुशीत झाकण लावायचा. धानोऱ्याची खेप निघाली, की अर्ध्या वाटेत पुन्हा मान टाकलेली. आणि त्या खेपेला मी असायचीच.

शेवटी जिंतूरहून मिस्त्री आला. होडी काठाला बांधलेली, तशीच त्यानं टाकी उघडून आत बघितलं, झाकण दगडावर ठेवलं, इंजिन चालू केलं आणि चहा पिईपर्यंत चालवून बघितलं. काय वाजलं म्हणता. मिस्त्रीनं हात पुसले.

"इंजिन टकाटक हाय. गडबड लोडची हाय. वजन कमी करा."

काठावर वीसेक माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय बघायलाव?" मी म्हटलं. "काल ह्याच होडीतनं सावळीला पेंडीची पोती गेली न्हाईत का? मी काय पेंडीच्या ढिगापेक्षा जड हाव?"

 योगीराजनं याला लगेच उत्तर शोधून काढलं. म्हणाला, वजनाचा सवाल नाही, पायाचा आहे. काही माणसांचा पाय पांढरा असतो. असं म्हणून त्यानं झाकणाला शेंदराचा आणखी एक थर दिला, आणि तेव्हापासून मी होडीत चढायच्या आधी शेंदूर लावायची पद्धतच पडली. जितकं इंजिन बिघडे तितका शेंदूर जाड होई. जितका शेंदूर जाड होई तितकं इंजिन लवकर बसे. आणि जितकं लवकर बसे तितका माझा पाय पांढरा ठरे.

तोंडावर कुणी बोलायचं नाही. पण मी काठावर गेले की बायका पिशव्या उचलून मागे सरायच्या. आज न्हाई, उद्या जाईन म्हणायच्या. ज्यांना मी हाताला धरून होडीत बसायला शिकवलं, त्या. मला राग यायचा, आणि रागाच्या खाली जे असतं तेही यायचं. ते मी घरी नेऊन पीठ मळताना काढायचे. आमच्या घरच्या भाकरी त्या दिवसांत लय मऊ झाल्या, चंद्रभाननं तसं बोलूनही दाखवलं.

मग रोहिणी बाळंत झाली. मुलगी झाली. बारशाचा दिवस ठरला आणि तिचा फोन आला.

"माय, मागच्यासारखं करू नको. तू आल्याबिगर मी लेकराला पाळण्यात घालू देत न्हाई."

लगेच फोन सरजाबाईच्या हातात गेला. "इहीणबाई, दुपारच्या आत नाव ठेवायचं हाय. पाव्हणे थांबत न्हाईत. तुमच्या त्या होडीच्या भरवशावर राहू नका."

चंद्रभान म्हणाले, आदल्या दिवशी एसटीनं जा. शहाणपणाचा सल्ला होता. पण एसटीनं जायचं म्हणजे माझा पाय पांढरा हे माझ्याच पायांनी चालत जाऊन कबूल करायचं. मी म्हटलं, "जाईन तर होडीनंच जाईन." चंद्रभाननं उठून पिशवी काढून दिली. बत्तीस वर्षांच्या संसारात ते एवढं शिकलेत.

बारशाच्या दिवशी सकाळी मी कुंची, झबली, डिंकाचे लाडू, चांदीचे वाळे असं सगळं पिशवीत भरून काठावर गेले. सोबत माझी धाकटी जाऊ सविता. ही पाण्याला भिते, म्हणून आजवर होडीत बसली नव्हती. वाळल्या काडीसारखी बाई, कुत्र्याला हाड म्हणताना पण तिचा आवाज निघत नाही. रोहिणीला मात्र तिनं लहानपणी कडेवर खेळवलेलं, म्हणून जीव मुठीत धरून आली होती. आणखी चार माणसं बारशालाच निघाली होती.

भुजंग मला बघून उगाच दोर सोडायला आणि बांधायला लागला.

"मावशी, मी काय म्हणतो," तो म्हणाला, "आज तुमी ऱ्हायलाव तर कसं? सामान सविता वहिनी पोचवतेत."

"नातीचं बारसं हाय भुजंगा. का सवितालाच आजी करायची?"

योगीराजनं तोडगा काढला. माझी नजर इंजिनावर पडते, तिचाच हा परिणाम असणार. तेव्हा मी इंजिनाकडे पाठ करून बसायचं आणि वाटेत एकदाही वळून बघायचं नाही. मी कबूल झाले. मला धानोऱ्याला जायचं होतं, पाठ करून तर पाठ करून. मला इंजिनाला अगदी चिकटून एका पोत्यावर बसवलं. टाकी माझ्या खांद्यामागे आली. योगीराजनं झाकणाला ताजा शेंदूर थापला, सगळ्यांनी हात जोडले आणि आम्ही निघालो.

पहिल्या वळणापर्यंत इंजिन गात होतं. मग नेहमीसारखा त्याचा आवाज खाली यायला लागला. भुजंगनं दांडा ओढला. काही नाही. होडी गोगलगाईसारखी सरकू लागली. ऊन वर चढत होतं. मी मान ताठ ठेवून मागे सुटत जाणाऱ्या पाण्याकडे बघत बसले. मी एकदाही वळले नव्हते, सविता साक्षीला होती.

दोन वळणांच्या मध्ये पाण्यात एक टेकाड आहे. धरण भरायच्या आधी तिथं कुणाचा तरी मळा होता म्हणतात. आता वर चार बाभळी आणि बगळ्यांची घाण. योगीराजनं सुकाणू तिकडं वळवलं.

"भुजंगदादा, मावशीला टेकाडावर उतरवू. ह्या लोकायला सोडताव अन् येताना मावशीला घेताव. तिथं सावली हाय, तकलीफ न्हाई."

मला आधी वाटलं गंमत करतोय. डोळ्याच्या कोपऱ्यातून भुजंगकडे बघितलं, तर तो दांड्याकडे बघत होता.

"मावशी, हे असंच चाललं तर कुणीच येळेवर पोचत न्हाई," तो हळूच म्हणाला. "बाकीचे तरी पोचू द्या."

 बाकीच्यांतल्या एकीनं माझी लाडवाची पिशवी हळूच स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली, पोचवायला. सविता तेवढी माझा पदर घट्ट धरून बसली होती. खरं सांगते, मला रडू आलं. माझ्या नातीला पाळण्यात घालतील आणि मी बगळ्यांत बसून असेन, सरजाबाई म्हणेल, बघा, आजी आजपण उद्याच्या जेवणाला येणार. आणि रोहिणी दाराकडे बघत बसेल. कडूबाईला रडू येतं हे टाकळीला माहीत नाही, आणि मी ते माहीत करून देणार नव्हते. मग रडण्याच्या जागी राग आला, आणि रागाच्या भरात मला एक खोडी सुचली.

माझी पाठ इंजिनाकडे होतीच. मी पदर खांद्यावरून मागे सोडला आणि पदराखालून हात टाकीवर नेला. त्या शेंदराच्या गोळ्यावर माझा सगळा राग होता. मला उतरवता ना, उतरवा. तुमच्या इंजिनाचं डोकं मी सोबत घेऊन उतरते. नेऊन टेकाडावरून पाण्यात भिरकावते. मग बसा पुढच्या खंडेनवमीपर्यंत कशाला शेंदूर लावायचा ते शोधत.

झाकण घट्ट बसलं होतं, कुणी आतून ओढून धरल्यासारखं. मी दात-ओठ खाऊन पिळलं. आटे सुटले, आणि टाकीनं सूं करून मोठा श्वास घेतला. मी दचकले. झाकण पटकन कमरेच्या पिशवीत टाकलं आणि टाकीच्या तोंडावर पदर ओढून घेतला.

दोन-चार क्षण काही झालं नाही. मग इंजिन खोकलं. आणि एकदम असं बोंबललं की भुजंगच्या हातातला दांडा सुटला. होडीनं पुढे उडी घेतली. टेकाडाचे दगड बघायला उभा राहिलेला योगीराज मागच्या मागे पेंडीच्या रिकाम्या पोत्यांवर उताणा पडला.

"टेकाड सोड," भुजंग ओरडला. "सरळ घे, सरळ. हिला आता थांबवायचं न्हाई."

योगीराजनं पडल्या पडल्याच सुकाणू ओढलं, आणि टेकाड बाजूनं निघून गेलं. एक बगळा उडालासुद्धा नाही. दुसरं वळण आलं आणि गेलं, तरी इंजिनाचा आवाज खाली येईना. योगीराज पोत्यांवरून उठला, कपडे झटकले आणि सगळ्यांना म्हणाला, "बगा, पाठ केल्याचा गुण. मी म्हणलं न्हवतं का?"

मी मागच्या पाण्याकडे बघत बसले होते. काय झालं ते मलाही कळलं नव्हतं. पण गुण माझ्या पाठीचा नव्हता, एवढं नक्की.

धानोऱ्याच्या काठाला लागलो तर पाव्हणे अजून चहाच पीत होते. भुजंगला टाकीचं झाकण दिसेना, तेव्हा धक्क्यानं पाण्यात पडलं असेल म्हणून त्यानं टाकीच्या तोंडात फडकं कोंबलं. मी पिशवी सावरत वर गेले. सरजाबाई दारातच उभी होती. काय बोलायचं ते तिनं तयार ठेवलं असणार, पण मला वेळेवर आलेली बघून तिची तयारी वाया गेली.

"आलाव का," एवढंच म्हणाली.

रोहिणीनं लेकरू माझ्या हातात दिलं. मुठी आवळलेल्या, कपाळाला आठ्या. माझ्यावर गेली होती. तिच्या आत्यानं कानात कुर्र करून नाव ठेवलं, राजनंदिनी. एवढ्याशा जिवाला एवढं मोठं नाव, पण मी वेळेवर असल्यामुळे मला ते सुद्धा आवडलं.

जेवणाची तयारी चालू होती. परसात चुलीवर कढई, पुऱ्या तळायच्या होत्या. कुणीतरी तेलाचा नवा डबा आणला आणि खिळ्यानं एक भोक पाडलं. डबा कलंडवला तरी तेल येईना. गुडगुड करत एक गचका, मग थांबणार, मग दुसरा गचका. सरजाबाई करवादली.

"दुसरं भोक पाड की. वारं आत जाऊ दे. वारं न्हाई गेलं तर तेल बाहेर कसं येईल?"

दुसऱ्या कोपऱ्यात भोक पडलं आणि तेलाची धार लागली.

मी चुलीपाशी पुऱ्या लाटत होते. हातातलं लाटणं तसंच राहिलं. मी उठले, गोठ्यामागे गेले आणि कमरेच्या पिशवीतून झाकण काढलं. शेंदराचा पोपडा नखानं उकरला. आत, बरोबर मधोमध, दाभणाच्या टोकाएवढं एक भोक होतं. तेलातला शेंदूर त्यात भरून दगडासारखा झाला होता. टाकीतलं डिझेल खाली जायचं, वरून वारं यायला जागा नाही. सावळी जवळ, तिथं पोचेपर्यंत निभायचं, आणि काठाला लागलं की भुजंग काडी घालायला झाकण उघडायचा. धानोरा लांब. मधे टाकीचा श्वास कोंडायचा. एवढंच होतं. दोन महिने मी एवढ्याशा भोकापायी पांढऱ्या पायाची झाले होते.

मी मनसोक्त हसले. गोठ्यातली म्हैस माझ्याकडे बघायला लागली.

शहाणी बाई असती तर तिथंच जाऊन भुजंगला झाकण दाखवती. पण दोन महिन्यांचं उसनं मला फेडायचं होतं. मी ठरवलं, परतीच्या वाटेवर झाकण पुन्हा लावायचं. इंजिन बसलं की योगीराजला घाम फुटू द्यायचा, त्याचे सगळे मंत्र आणि तोडगे संपू द्यायचे. मग मी उठायचं, टाकीवर हात ठेवायचा, हळूच झाकण फिरवायचं, आणि इंजिन चालू. पांढऱ्या पायाची कडूबाई एका क्षणात होडीची लक्ष्मी. पुढची पाच वर्षं मला मानाची जागा. मनात हे सगळं इतकं रंगलं की मी चार पुऱ्या जास्त खाल्ल्या.

उन्हं कलल्यावर आम्ही निघालो. या वेळी योगीराजनं हात जोडून विनंती केली.

"मावशी, तुमी पाठ करूनच बसा. पाठीनंच काम केलं."

मी मोठ्या मनानं पाठ केली. सगळे काठाकडे हात हलवत होते, तेवढ्यात पदराखालून फडकं काढलं आणि झाकण घट्ट फिरवलं, वर पदर तसाच राहू दिला. सविता माझ्यासमोर, इंजिनाकडे तोंड करून बसली होती. सकाळपेक्षा तिची भीती कमी झाली होती. पाण्यात हात घालून बघत होती आणि स्वतःशीच हसत होती.

वळण आलं आणि इंजिन बसायला लागलं. ठरल्याप्रमाणे. भुजंगनं दांडा ओढला, कपाळाला हात लावला. योगीराज उभा राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं. माझी पाठ जागच्या जागी. मला हसू आवरेना, मी तोंडात पदर कोंबला. आता हा काय तोडगा काढतो ते बघत होते.

योगीराजनं सगळ्या होडीवरून नजर फिरवली. ती सवितावर येऊन थांबली.

"ह्या आज पहिल्यांदाच बसल्यात," तो म्हणाला. "सकाळीपण ह्या बसल्या अन् इंजिन बसलं. मावशीच्या पाठीनं निभावलं तवा. आता बगा, ह्यायची नजर सरळ इंजिनावर हाय."

पाच जणांनी सविताकडे बघितलं. सकाळी माझी पिशवी ओढून घेणारी बाई सविताजवळून हळूच सरकली, तीच, तश्शीच. सवितानं पाण्यातला हात काढून मांडीवर ठेवला.  नुसती माझ्याकडे बघायला लागली, आणि तिच्या ओठाचा कोपरा हलायला लागला.  मी निदान पीठ मळून काढायचे. ही बाई ते कुठं नेणार होती? घरी जाऊन कोपऱ्यात बसली असती आणि पुन्हा कधी काठावर आली नसती.

"टेकाड जवळ हाय," योगीराज म्हणाला. "वहिनीला दोन घडी..."

"योग्या," मी म्हटलं. "इकडं ये."

मी वळले. सगळी होडी धास्तावली. मी इंजिनाकडे तोंड करून उभी राहिले आणि पोटभर इंजिन बघून घेतलं.

"मावशी, पाठ," योगीराज म्हणाला.

"पाठ गेली खड्ड्यात. ह्या झाकणावर हात ठेव. ठेव म्हणते ना. अन् फिरव."

"झाकण?" भुजंग चक्रावला. "ते तर सकाळी पाण्यात पडलं."

"पडलं न्हाई. मी काढलं होतं. अन् आता मीच लावलं. फिरव रे."

योगीराजनं फिरवलं. टाकीनं सूं करून श्वास घेतला. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. इंजिन खोकलं, आणि मग असं सुटलं की होडीचं नाक वर आलं. भुजंगनं एकदा टाकीकडे, एकदा झाकणाकडे बघितलं. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. झाकण उलटं करून त्यानं उजेडात धरलं.

"वारं जायचं भोक," तो म्हणाला. "आईचं... आपुनच बुजवलं व्हय?"

"तुमी न्हाई. ह्यानं. खंडेनवमीपास्नं थापायलाय."

मी बांगडीला अडकवलेली पिन काढली आणि भोकातला आणि भोवतीचा शेंदूर टोकरून तळहातावर घेतला. हरभऱ्याच्या डाळीएवढा निघाला. दोन महिन्यांचा माझा अपशकुन एवढाच होता. योगीराज बाजूला उभा होता, त्याचं तोंड अजून मिटलं नव्हतं. मी तो शेंदूर अंगठ्यानं चुरला, त्यात बोट फिरवलं आणि त्याच्या कपाळावर, बरोबर मधोमध, ठसठशीत टिळा लावला.

"आता बसला बराबर जागेवर," मी म्हटलं. "दोष इथं होता."

भुजंग आधी हसला. मग पिशवी ओढणारी ती बाई हसली, तिला हसायचा काही हक्क नव्हता तरी. सविता सगळ्यात शेवटी हसली, पण आवाज काढून हसली. तिला इतकं मोठ्यानं हसताना मी घरात कधी ऐकलं नव्हतं. टेकाडावरचे बगळेसुद्धा या वेळी उडाले.

झाकण मुद्दाम लावलं म्हणून भुजंग मला बोलला, आणि मी ऐकून घेतलं. रागावायचा त्याला हक्क होता. मग तोच खाली मान घालून म्हणाला, "मावशी, सकाळी तुमाला उतरवायला निघालो होतो मी." मी म्हटलं, ते मी विसरणार नाही, आणि पुढच्या खेपेला माझी आणि सविताची जागा पुढे, नाकाशी. त्यानं मान डोलावली.

टाकळीचा काठ आला. योगीराज कपाळ पुसायचं विसरून उतरला आणि भेटेल त्याला सांगत सुटला की झाकणात काहीतरी आहे असा वहीम त्याला पहिल्या दिवसापासून होता. सांगू दिलं. कपाळावरचा टिळा त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलत होता. सकाळ उजाडेपर्यंत सगळ्या गावाचं पुन्हा एकमत झालं, की पांढरा जर काही होता तर तो योगीराजचा शेंदूर. या वेळी मात्र मला विचारून ठरलं.